रंजक, जामगी आणि एक देखणी चूक: वेशधारी बंदूकधाऱ्यांच्या छायाचित्रणाचे एक प्रकरण

ज्या छायाचित्रामुळे हे प्रकरण लिहावेसे वाटले, ते पाहताक्षणी कोणालाही आवडले असते. सतराव्या शतकातील युरोपीय पायदळाच्या वेशातील एक तरुण बंदूकधारी मान खाली घालून बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे नळीत आग नेणाऱ्या छिद्राजवळच्या, छोट्या वाटीत दारूची चिमूट ओततो आहे, त्याच्या ओठांवर एकाग्रतेची घट्ट रेघ आहे, चापाला जोडलेल्या वाकड्या चिमट्यातून जामगीचा, म्हणजे धुमसत्या दोरीचा, धूर सरळ वर चढतो आहे आणि मागे उभी असलेली भालाइतांची रांग धूसर होऊन गेली आहे. प्रकाश, चेहरा, धूर आणि हात या चारही गोष्टी एकाच क्षणी जमून आल्या होत्या. दोन दिवसांच्या त्या महोत्सवातील माझे सर्वोत्तम छायाचित्र म्हणून मी तेच निवडले होते. त्याच संध्याकाळी मला कळले, की त्यात एक गंभीर आणि धोकादायक चूक टिपली गेली आहे आणि तिचा मला पत्ताही लागलेला नाही.

मला नेमके काय काम दिले होते, ते आधी सांगतो. इतिहासातील प्रसंग त्या काळच्या वेशात, त्या काळच्या हत्यारांसह आणि कवायतीसह पुन्हा उभे करणाऱ्या, म्हणजे री-एनॅक्टमेंट करणाऱ्या, एका दलाने मला बोलावले होते. दलात बंदूकधारी, भालाईत, दोन ढोलवादक आणि त्या सर्वांना हुकूम देणारी एक दलप्रमुख होती. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: दलाचे एक एकत्रित चित्र, कवायतीच्या टप्प्यांची नोंद आणि पुढील वर्षीच्या जाहिरातफलकासाठी एखादे ठसठशीत छायाचित्र. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराच्या आत जाण्याची परवानगी मला होती, मात्र सुरक्षा पर्यवेक्षकाने तीन अटी घातल्या होत्या. बंदुकीच्या तोंडासमोर कधीही यायचे नाही, दारू भरणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही आणि फ्लॅश वापरायचा नाही. तिसरी अट मला तेव्हा जरा जाचक वाटली. हातात दारू आणि पेटती जामगी असलेल्या माणसाचे डोळे क्षणभर दिपले तर काय होऊ शकते, याचा विचार मी केलाच नव्हता.

पहिल्या दिवशी लख्ख ऊन होते. मी ७०-२०० मिलिमीटरची लेन्स लावली, शटर १/१००० सेकंदावर ठेवले आणि जे जे घडेल ते टिपत गेलो. संध्याकाळी मोजले तेव्हा नऊशेहून अधिक फ्रेम झाल्या होत्या. त्या संगणकाच्या पडद्यावर मोठ्या करून पाहू लागलो, तेव्हा चुका एकापाठोपाठ एक समोर आल्या आणि त्यांतील बहुतेक कॅमेऱ्याच्या नव्हत्या.

सर्वांत आधी दिसली ती चिलखताची चूक. भालाइतांच्या छातीवर घासून लखलखीत केलेले पोलादी पत्रे होते. असा बहिर्गोल पत्रा म्हणजे आरसाच असतो आणि तो समोरचे जवळजवळ सगळे मैदान लहान करून स्वतःत सामावून घेतो. एका देखण्या व्यक्तिचित्रात त्या पत्र्याच्या मधोमध एक नारंगी ठिपका होता. मोठा करून पाहिल्यावर तो ठिपका म्हणजे माझेच जाकीट असल्याचे दिसले, आणि त्याच्या शेजारी उभ्या गाड्यांची एक बारीक रांगही होती. सतराव्या शतकात घुसलेली सर्वांत ठळक आधुनिक वस्तू मीच होतो. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायची चमक कमी करणारी फिरती काच, लावला तर ही चमक जाईल असा माझा समज होता आणि दुपारभर मी तो फिरवत बसलो होतो. पाणी, काच किंवा पानांवरून येणारे परावर्तन पोलरायझरने कमी होते, कारण त्या पृष्ठभागांवर विशिष्ट कोनातून परावर्तित झालेला प्रकाश बऱ्याच प्रमाणात ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, झालेला असतो. उघड्या धातूच्या बाबतीत तसे होत नाही, त्यामुळे आकाश गडद झाले, गवत हिरवेगार झाले आणि पोलाद जसे होते तसेच राहिले. वर जवळजवळ दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) प्रकाश गेला तो वेगळाच.

एक्स्पोजरचीही तीच गत झाली. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून हिशेब करतो. गडद लोकरी कोट घातलेल्या बंदूकधाऱ्यांची रांग समोर आली, की तो चित्र उजळ करतो आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या चिलखतावरचे प्रकाशाचे चट्टे कोरे पांढरे होऊन जातात. कॅमेऱ्याची सगळी मूळ नोंद जपणाऱ्या रॉ फाइलमध्येही जो तपशील नोंदलाच गेलेला नाही तो मागाहून आणता येत नाही. रंगांच्या बाबतीत मी आणखी निष्काळजी होतो. दलातील अनेकांचे कोट मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांनी आणि निळीने रंगवलेले होते, कारण कृत्रिम रंगांचा इतिहास विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये जांभळा ॲनिलीन रंग शोधल्यापासून सुरू होतो आणि त्याआधीच्या काळाचा वेश करणाऱ्यांना ही गोष्ट अतिशय महत्त्वाची वाटते. प्रकाशाच्या छटेनुसार रंग जुळवणारा व्हाइट बॅलन्स मी स्वयंचलित ठेवला होता. परिणामी एकाच माणसाचा कोट एका फ्रेममध्ये विटकरी, दुसरीत गुलाबीसर आणि तिसरीत तपकिरी दिसत होता. ज्याने तो कोट हाताने रंगवला आणि शिवला, त्याच्या दृष्टीने ही तीनही चित्रे खोटी होती.

बंदुकांच्या सरबत्तीचे, म्हणजे रांगेने एकत्र काढलेल्या बारांचे, एकही चित्र हाती लागले नव्हते. कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम घेत होता, म्हणून एकीत तरी ज्वाळा सापडेल असे मी गृहीत धरले होते. हिशेब मांडला तेव्हा त्यातील फोलपणा कळला. प्रत्येक फ्रेमसाठी शटर एका सेकंदाचा हजारावा भाग उघडते, म्हणजे दहा फ्रेम मिळून एका सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळच कॅमेरा प्रत्यक्षात पाहत असतो आणि उरलेला सगळा वेळ तो आंधळा असतो. ज्वाळा येऊन जाते ती बहुधा त्या आंधळ्या वेळात. माझ्याकडे बार उडण्याआधीचे गंभीर चेहरे होते आणि त्यानंतरचा पांढरा धूर होता.

दिवसाचे प्रदर्शन संपल्यावर दलप्रमुखांनी मला त्यांच्या तंबूत बोलावले. मी निवडलेली तीस-चाळीस छायाचित्रे त्यांनी शांतपणे पाहिली. सुरुवातीला वर्णन केलेल्या त्या चित्रापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी विचारले, “यात हा काय करतो आहे, सांगू शकाल का?” मी म्हणालो, “दारू भरतो आहे.” त्यांनी पुन्हा विचारले, “आणि जामगी कुठे आहे?” मी पडद्यावर बोट ठेवले. जामगी चापाच्या चिमट्यात होती, आणि त्या चिमट्याच्या खालीच उघड्या वाटीत तो तरुण दारू ओतत होता.

इथे तोड्याच्या बंदुकीची रचना थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. या बंदुकीत दारू दोन ठिकाणी असते. मुख्य बार नळीत ठासलेला असतो आणि नळीच्या मागच्या टोकाशी, उजव्या अंगाला, एका लहानशा वाटीत थोडी बारीक दारू असते. तिला रंजक म्हणतात. या वाटीतून नळीत जाणारे एक बारीक छिद्र असते. सोऱ्याच्या द्रावणात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, एकदा पेटवली की मंदपणे धुमसत राहते. चाप ओढला की ती चिमट्यासह खाली येते, रंजक पेटवते आणि रंजकाची आग छिद्रातून मुख्य बारापर्यंत पोहोचते. कधी रंजक भपकन जळून जाते आणि नळीतला बार उडतच नाही. अशा बंदुकीजवळ उभे राहिले, म्हणजे ‘फुसका बार’ हे शब्द किती जपून वापरावेत ते कळते, कारण त्या वेळी नळीत न उडालेली दारू तशीच असते. म्हणूनच बार काढल्यानंतर पहिली कृती जामगी चिमट्यातून सोडवून डाव्या हाताच्या बोटांत धरण्याची असते. ती सुरक्षित अंतरावर गेल्यावर वाटी फुंकायची, मग रंजक घालायची, झाकण लावायचे, सांडलेले कण पुन्हा फुंकून टाकायचे आणि त्यानंतरच नळी भरायला घ्यायची. माझ्या आवडत्या चित्रातील तरुण पहिली कृती विसरला होता. दुसऱ्याच क्षणी शेजाऱ्याने त्याला अडवले होते आणि अनर्थ टळला होता. माझ्या कॅमेऱ्यात ती अडवणारी फ्रेमही होती. हात मध्ये आल्याने ‘चित्र बिघडले’ म्हणून मी ती बाजूला टाकली होती.

मला त्या संध्याकाळी मनापासून लाज वाटली. मी चेहरे, धूर आणि प्रकाश पाहिला होता, परंतु माणूस काय करतो आहे ते पाहिले नव्हते. वेशधारी कलाकार वर्षानुवर्षे जे कमावतो ते त्याच्या टोपीत किंवा कोटात कमी आणि त्याच्या हातांच्या क्रमात अधिक असते, आणि तो क्रम मला माहीतच नसल्यामुळे नऊशे फ्रेममध्ये तो कुठेही सलग उतरला नव्हता.

दलप्रमुखांनी मला रागे भरले नाही. त्यांनी जेकब द गेन या डच चित्रकाराच्या १६०७ मधील कवायतीच्या चित्रसंग्रहाची छापील पाने पुढे ठेवली. या संग्रहात ११७ आकृत्या आहेत: हलक्या बंदुकीच्या ४२, मस्केट या जड बंदुकीच्या ४३ आणि भाल्याच्या ३२. प्रत्येक आकृतीत एकच सैनिक एकाच स्थितीत उभा आहे आणि त्या स्थितीचा एक हुकूम आहे. छायाचित्रणाचा शोध लागण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी कोणीतरी एका हालचालीचे असे सुटे सुटे क्षण पाडले होते, हे पाहून मी थक्क झालो. त्या रात्री दलातील एका ज्येष्ठ बंदूकधाऱ्याने रिकामी बंदूक हातात देऊन मला मस्केटच्या स्थिती एकेक करून करायला लावल्या. त्या बंदुकीचे वजन डाव्या खांद्यात उतरल्यावर, टेकणकाठी सांभाळत, बोटांत जामगी धरून, झाकण उघडणे किती अवघड आहे ते मला कळले. कोणत्या स्थितीत माणूस क्षणभर स्थिर होतो आणि कोणत्या स्थितीत त्याची नजर वर येते, हेही त्याच वेळी लक्षात आले. छायाचित्रकाराला लागते ती हीच माहिती आणि ती लेन्समधून मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी आकाश ढगाळ होते. पोलादासाठी ते वरदान ठरले, कारण आता चिलखतात सूर्याच्या ठिणगीऐवजी सबंध आकाशाचा मऊ पांढरा पट्टा उमटत होता आणि पत्र्याची गोलाई, त्यावरचे ठोके, कडेचे रिव्हेट स्पष्ट दिसत होते. मी मातकट रंगाचा सदरा घातला होता आणि व्यक्तिचित्रे घेताना झाडांच्या गडद सावलीत उभा राहत होतो, म्हणजे आरशात पडायचेच असेल तर सावलीच पडावी. व्हाइट बॅलन्स एका ठरावीक मूल्यावर बांधून टाकला आणि सुरुवातीलाच एका करड्या पट्टीचे छायाचित्र घेऊन ठेवले. एक्स्पोजर सर्वांत उजळ धातूवरून ठरवले आणि लोकरीच्या सावल्या नंतर उचलण्याचे ठरवले.

सरबत्तीचा प्रश्न मात्र जागेचा होता. रंजकाची वाटी उजव्या अंगाला असते, म्हणून नेमबाजाच्या उजवीकडून पाहिले तर आग दिसते, पण त्याचा गाल दस्त्याला लागलेला असल्यामुळे चेहऱ्याचा बराच भाग बंदुकीआड जातो. डावीकडून चेहरा मोकळा दिसतो आणि आग हरवते. शिवाय कानातून बाहेर पडणारी ज्वाळा उजवीकडेच फेकली जाते, त्यामुळे त्या बाजूला जवळ जाणे शक्यच नव्हते. पर्यवेक्षकाला विचारून मी रांगेच्या उजव्या टोकाशी, बंदुकांच्या तोंडांच्या रेषेच्या बऱ्याच मागे, लांब लेन्ससह जागा घेतली. वारा माझ्या पाठीमागून वाहत होता आणि धूर माझ्यापासून दूर जाणार होता. पर्यवेक्षकाने तेवढ्यासाठी रांगेची दिशा थोडी वळवायला दलप्रमुखांना सुचवले, हे त्याचे माझ्यावरचे ऋण आहे.

शटरच्या बाबतीत मी आदल्या दिवशीच्या नेमके उलट केले. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ११ आणि शटर १/५० सेकंद, कॅमेरा तिपाईवर. सेकंदाला त्याच दहा फ्रेम घेतल्या तरी आता कॅमेरा एकूण वेळेच्या पाचव्या भागात पाहत होता, म्हणजे आदल्या दिवसाच्या वीसपट. हालचाल धूसर होईल ही भीती अनाठायी होती, कारण बार काढण्याच्या क्षणी शिकलेला नेमबाज पुतळ्यासारखा स्थिर असतो. उडतो तो फक्त धूर, आणि तो धूसर असलेलाच बरा दिसतो. हुकमाचा शेवटचा शब्द आता मला पाठ होता. तो उच्चारला जाण्याच्या आधीच मी बटण दाबत होतो. चौथ्या सरबत्तीला एका फ्रेममध्ये पहिल्या माणसाच्या वाटीतून रंजकाचा भपका निघालेला, दुसऱ्याच्या नळीतून ज्वाळा बाहेर आलेली आणि तिसरा अजून आगीची वाट पाहत असलेला, असे तिन्ही क्षण एकत्र सापडले. रांगेतील बंदुका कधीच एकाच क्षणी उडत नाहीत, ही तोड्याच्या बंदुकीची खरी ओळख त्या एका चित्रात आली.

चित्रांच्या संस्करणाच्या वेळी दोन वाद झाले. एका सदस्याला सर्व चित्रे सेपिया छटेत हवी होती, म्हणजे ती ‘जुनी’ वाटतील. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. सेपियाची तपकिरी छटा ही एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांची खूण आहे. फ्रान्सच्या लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे उघड झाली ती ऑगस्ट १८३९ मध्ये. योगायोग असा, की स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथे मध्ययुगीन द्वंद्वांचा जो गाजलेला आणि पावसाने धुऊन निघालेला पुनर्प्रयोग झाला, तोही त्याच महिन्याच्या अखेरीस. सतराव्या शतकातील सैनिकाला सेपिया लावणे म्हणजे त्याला दुसऱ्याच शतकाचा कपडा चढवणे होय. त्या काळाची दृष्टी हवी असेल तर त्या काळाची चित्रकला पाहावी. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४२ मधील ‘नाइट वॉच’ या चित्रामध्ये एक जण बंदूक भरतो आहे, एक जण बार काढतो आहे आणि एक जण वाटी फुंकतो आहे, आणि या स्थिती द गेनच्या आकृत्यांशी जुळतात. ते रात्रीचे दृश्यही नाही. वार्निश काळवंडल्यामुळे ते रात्रीचे मानले गेले. आम्ही रंग तसेच ठेवले आणि फक्त कडेचा प्रकाश थोडा उतरवला.

दुसरा वाद चष्म्याचा होता. एका ज्येष्ठ बंदूकधाऱ्याच्या डोळ्यांवर कानांत अडकवायच्या काड्यांचा चष्मा होता. चष्मा सतराव्या शतकात होता, पण कानांवर टेकणाऱ्या काड्या अठराव्या शतकातल्या. चष्मा काढून दारू हाताळायला ते तयार नव्हते आणि ते योग्यच होते. संगणकावर चष्मा पुसून टाकावा असा आग्रह काहींनी धरला. मी दोन निरनिराळ्या प्रती केल्या. दूरवरून घेतलेल्या समूहचित्रात गाड्या आणि प्रेक्षकांचा दोर पुसला, कारण ते दलाचे नव्हते. माणसाच्या चेहऱ्याला आणि त्याच्या कानांतील बोळ्यांना हात लावला नाही. कवायतीच्या नोंदीत तर काहीच पुसले नाही, कारण पुढे कोणी ती शिकण्यासाठी पाहील, तेव्हा कानांत बोळे घालायचे असतात हेही त्याला दिसले पाहिजे.

जाहिरातफलकासाठी सर्वांनी एका स्त्री बंदूकधाऱ्याचे चित्र पसंत केले होते. तिने नकार दिला. मैदानात हजारो लोकांसमोर उभे राहणे तिला मान्य होते, भिंतीभिंतींवर आपला चेहरा लागणे नव्हे. कारण विचारण्याचा अधिकार आम्हांला नव्हता आणि आम्ही ते विचारले नाही. लहान ढोलवादक मुलाच्या चित्रांसाठी त्याच्या पालकांची लेखी संमती घेतली आणि त्याचे नाव कुठेही छापायचे नाही असे ठरले. फलकावर शेवटी सरबत्तीचे चित्र गेले.

राहता राहिले ते पहिल्या दिवसाचे देखणे चित्र. मी ते पुसून टाकण्याची तयारी दाखवली होती. दलप्रमुख म्हणाल्या, “ज्याचे चित्र आहे त्यालाच विचारू.” तो तरुण आला आणि त्याने दोन्ही फ्रेम बराच वेळ पाहिल्या: रंजक ओतत असलेला तो स्वतः, आणि त्याच्या मनगटावर येऊन पडलेला शेजाऱ्याचा हात. या दोन्ही प्रती नव्या सदस्यांच्या प्रशिक्षणात शेजारी शेजारी लावाव्यात आणि बाहेर कोठेही देऊ नयेत, असे त्यानेच सुचवले. चेहरा कापू का, असे मी विचारले, तेव्हा तो नको म्हणाला. आता त्या दोन छापील प्रती दलाच्या दारूच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावलेल्या आहेत, आणि पेटी उघडणाऱ्याला सर्वांत आधी त्याच दिसतात.